चूक वैमानिकाची की कार्यपद्धतीची?

उपचारात काही अनिष्ट घडले की रुग्णाच्या आप्तांचा पहिला प्रश्न असतो, ‘चूक कोणाची?’ प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत मात्र विमान अपघातांच्या चौकशीकडून घेण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यातील एका प्रकरणाचा परिचय येथे करून देत आहोत.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे अंटार्क्टिकाच्या सफरीवरील विमान माउंट एरेबस पर्वतावर आदळले व त्यातील सर्व २५७ जण मृत्युमुखी पडले. मुख्य अपघात निरीक्षक रॉन चिपिंडेल यांच्या अहवालाने बोट दाखविले ते वैमानिकाकडे : आपले स्थान निश्चित ठाऊक नसता त्यांनी कमी उंचीवर उड्डाण चालू ठेवले. न्यायमूर्ती पीटर मॅहन यांच्या आयोगाने १९८१ मध्ये प्रश्नच निराळा विचारला. आपण सुरक्षित मार्गावर आहोत, असे त्या अनुभवी वैमानिकांना का वाटले? उत्तर संगणकात सापडले. वैमानिकांना आधी दाखविलेला मार्ग मॅकमर्डोच्या सपाट, गोठलेल्या समुद्रावरून जात होता. उड्डाणाच्या काही तास आधी त्याचे अक्षांश-रेखांश बदलले गेले; नवा मार्ग थेट पर्वतावरून जाणारा होता, आणि हे वैमानिकांना कोणी कळविलेच नाही. त्यात शुभ्र ढग व शुभ्र बर्फ यांत भेद न उरल्याने समोरचा चढ दिसला नाही.

अधिकाऱ्यांनी कट करून सत्य दडविले, हा मॅहन यांचा निष्कर्ष मात्र वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाही. वाद पुढेही धुमसत राहिला. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी शासनातर्फे क्षमा मागितली ती २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी. वैमानिकांच्या कुटुंबीयांनी ती वर्षे कशी काढली असतील!

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अशा चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असतो. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईस यात अभय नाही, हेही सांगितले पाहिजे.

विमानांतील पडताळणी-यादीची प्रथा जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहात आणली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावयाची असते. आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते ती परिचारिकांची पाळी बदलण्याची वेळ. रात्री बदललेली औषधाची मात्रा सकाळच्या परिचारिकेस सांगितली गेली नाही, तर ती बिचारी जुन्याच मार्गाने जाणार.