'चा' ची गोष्ट

कर्जाचा अर्ज बँकेत दिला, की त्याची पहिली चाळणी हल्ली पुष्कळदा संगणकच लावतो. बँकेचे नियम 'असं असेल तर असं करा' अशा रूपात त्याला दिलेले असतात. हे नियम लावणाऱ्या आज्ञावलीला 'रूल इंजिन' म्हणतात.

एक साधा नियम घेऊ. 'अर्जदाराचा हप्ता थकला असेल, तर अर्ज अडवा.' इथे अर्ज आणि हप्ता या दोन वेगळ्या जातींच्या नोंदी आहेत. त्यांचं नातं आपण 'अर्जदाराचा' या शब्दातल्या 'चा' वरून ओळखतो. संगणकाला तो 'चा' फोडून सांगावा लागतो: दोन्ही नोंदींवरचा ग्राहक क्रमांक एकच हवा.

ही अट लिहायची राहिली, तर इंजिन कुरकुर करत नाही. १०० अर्ज आणि ५०० थकलेले हप्ते असतील, तर ते ५०,००० जोड्या लावतं. मग शेजाऱ्याची थकबाकी तुमच्या माथी! उलट, एकीकडे क्रमांक ४२ हा अंक आणि दुसरीकडे '००४२' अशी अक्षरं असली, तर जोडी जुळेलच असं नाही; थकबाकीदारही सुटतो.

म्हणून नियम तपासताना मी दोन काल्पनिक ग्राहक घेतो. एकाचा हप्ता थकलेला, दुसऱ्याचा नाही. दुसरा अडला, तर 'चा' सुटला असं समजावं. पहिलाही सुटला, तर क्रमांक पाहावेत.

पण एवढ्या नोंदी पुन्हा पुन्हा ताडून पाहायला वेळ किती लागेल? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी १९७० च्या दशकात यावर तोड काढली. तिचं नाव 'रीटी'. लॅटिनमध्ये याचा अर्थ जाळं. आधी प्रत्येक जातीची नोंद वेगळी गाळायची, उदाहरणार्थ फक्त थकलेले हप्ते. मग त्यांच्या जोड्या लावायच्या आणि अर्धवट जुळलेलंही लक्षात ठेवायचं. नवी नोंद आली, की तेवढीच ताडायची. फोर्गी यांच्याच 'ओपीएस ५' भाषेतल्या 'एक्सकॉन' आज्ञावलीने १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये व्हॅक्स संगणकांच्या मागण्यांतले सुटे भाग जुळवून दिले.

जाळं कितीही वेगवान असलं, तरी नातं सांगायचं माणसानेच. तेव्हा 'संगणकाने अर्ज अडवला' एवढ्या उत्तरावर परत फिरू नका. कोणत्या नोंदीमुळे अडवला आणि ती नोंद माझीच आहे का, हे जरूर विचारा.