‘नर्स’ हे नाव पुरेसे आहे का?

‘नर्स’ या शब्दाचे मूळ दूध पाजणाऱ्या दाईत, तर ‘सिस्टर’चे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात. अतिदक्षता विभागात रुग्णाची बिघडती प्रकृती प्रथम टिपणाऱ्या पदवीधरांना, त्यातही पुरुषांना, ही नावे अपुरी पडतात. केंद्राने २०१६ मध्ये ‘नर्सिंग ऑफिसर’ हे पदनाम स्वीकारले, ते योग्यच. मात्र प्रशासनात आयुष्य घालवल्याने मला ठाऊक आहे, की पाटी बदलणे स्वस्त असते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये मासिक वेतन सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळने २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली. ‘ऑफिसर’ हा शब्द वेतनचिठ्ठीत उतरेल, तेव्हाच तो सार्थ ठरेल.