परिचालन प्रणालीची स्वयंचलित प्रस्थापना
अनेक संगणकांवर परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) संगणक-जाळ्यातून मध्यवर्ती सर्व्हरद्वारे आपोआप बसविण्याची पद्धती. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएक्सई विनिर्देशाची २·१ ही आवृत्ती तिचा प्रमुख आधार होय. संगणक सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपी सर्व्हरकडून स्वतःचा पत्ता व आरंभक फाइलीचे नाव मिळविते. ही फाइल टीएफटीपी या संदेशवहन-नियमावलीनुसार येते व पुढील प्रस्थापना सुरू करते.

टीएफटीपी मूळ स्वरूपात ५१२ बाइटांचा एकेक खंड पाठवून त्याची पोच येईपर्यंत थांबते. म्हणून तिच्याद्वारे लहान आरंभकच पाठवून मोठ्या फाइली एचटीटीपीने देणे श्रेयस्कर ठरते. संगणक एकसारखे असल्यास डिस्कची तयार प्रतिमा एकाच वेळी सर्वांना प्रेषित करता येते, ते भिन्न असल्यास प्रस्थापनेतील प्रश्नांची उत्तरे आधीच नोंदलेली फाइल (उदा., रेड हॅटची किकस्टार्ट) सोयीची असते.

तथापि पीएक्सईमध्ये उत्तर देणाऱ्या सर्व्हरची ओळख सामान्यतः पडताळली जात नाही. चुकीच्या सर्व्हरचे उत्तर स्वीकारले गेल्यास वापरातील संगणकावरील माहिती पुसली जाऊ शकते. यास्तव प्रस्थापनेचे जाळे वेगळे राखणे व नोंदणी केलेल्या संगणकांनाच उत्तर देणे, हा सर्व्हरच्या रचनेचा पहिला निकष मानावा लागतो. वेगाचा विचार त्यानंतर येतो.