हिंगणघाटला संपलेला सर्व्हे-प्रवास

एव्हरेस्ट हे नाव शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण ज्या सर्व्हेमुळे त्या शिखराची उंची कळली, तो सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला, हे किती जणांना ठाऊक आहे? सर्व्हेइंग शिकताना मला हा माणूस भेटला आणि आवडून गेला.

लॅम्बटन ब्रिटिश फौजेच्या ३३व्या पलटणीतला अधिकारी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो होता. टिपूच्या पाडावानंतर कंपनीला नव्या मुलखाचे नकाशे हवे होते. लॅम्बटनला मात्र त्याहून मोठं काही मोजायचं होतं, ते म्हणजे पृथ्वीचा नेमका आकार!

पद्धत आपल्या ओळखीचीच, ट्रँग्युलेशन. जमिनीवर एक बेसलाइन काटेकोर मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या खुणेचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की साइन रूलने बाकीच्या बाजू निघतात. त्यातली प्रत्येक बाजू ही पुढच्या त्रिकोणाची बेसलाइन. म्हणजे पहिली रेषा चुकली की पुढचं सगळंच चुकलं.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ काम सुरू झालं. रेषा साडेसात मैलांची, पोलादी साखळी १०० फुटांची. म्हणजे ती सुमारे ४०० वेळा टाकायची, तीही भर उन्हाळ्यात! तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं तर अशी साखळी जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांबते. पण गुणिले ४०० केलं की चूक होते १.४ मीटर. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, सावलीत ठेवायची आणि थर्मामीटर बघून दुरुस्ती करायची.

१८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट भिंतीवर आदळला. कोन मोजायचं वर्तुळच वाकलं. पठ्ठ्या तंबूत बसला आणि सुमारे सहा आठवडे खपून त्याने स्वतःच्या हाताने ते पुन्हा गोल केलं.

२० जानेवारी १८२३ ला, नागपूरच्या वाटेवर असताना तो गेला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं, आणि १८६५ मध्ये शिखराला नावही त्याचंच मिळालं. तापाने गेलेले साखळीवाले, झेंडेवाले खलाशी तर कुणाच्या लक्षातही नाहीत. पण मित्रांनो, एव्हरेस्टची उंची निघाली ती या सगळ्यांच्या त्रिकोणांवरूनच. प्रॅक्टिकलला उन्हात रेंजिंग रॉड धरून कंटाळा आला, तर एवढं आठवा!