ख्रिस्तजन्मभूमीची यात्रा

नाताळचा सण आला की चर्चमधून आणि ख्रिस्ती बांधवांच्या घराघरांतून गव्हाणीचे देखावे उभे राहतात. गवताची शय्या, तिच्यावर बाळ येशू, शेजारी मरीया व योसेफ, मागे गुरे-मेंढरे आणि वर कागदाची लुकलुकती चांदणी! असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो या खेड्यात असा देखावा प्रथम मांडला, असे मानले जाते. ख्रिस्तजन्मभूमीची यात्रा सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून ती भूमीच त्यांनी त्याच्या दारी आणली.

कळमेश्वर परिसरातील वाचकांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको. ज्यांना पंढरीची वारी घडत नाही, ते आषाढात आपल्याच तालुक्यातील धापेवाड्यास जातात, तेथील चंद्रभागेच्या काठी विठुरायाचे दर्शन घेतात आणि त्या क्षेत्रास प्रेमाने विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. धापेवाड्यामागे जशी पंढरी, तसे प्रत्येक गव्हाणीमागे बेथलेहेम उभे आहे. आजच्या मंगल पर्वावर आम्ही वाचकांना त्या मूळ क्षेत्राच्या यात्रेस घेऊन जात आहोत.

नासरेथ आणि गालील

यात्रेचा आरंभ उत्तरेकडील नासरेथ नगरापासून करणे उचित ठरेल. देवदूताने कुमारी मरीयेस पुत्रजन्माचा निरोप दिला तो येथेच. ज्या गुहेत हा प्रसंग घडला असे कॅथलिक परंपरा मानते, तिच्यावर आज भव्य महामंदिर उभे आहे. सध्याची वास्तू १९६९ साली समर्पित झाली. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र सांगते की, मरीया पाणी भरावयास गेली असता गावच्या झऱ्यापाशी तिच्या कानी तो शब्द प्रथम पडला. त्या झऱ्यावर त्यांचे चर्च आहे. एकाच प्रसंगाची दोन स्थाने, आणि दोन्ही भाविकांनी गजबजलेली!

नासरेथच्या पूर्वेस गालीलचे सरोवर पसरले आहे. समुद्रसपाटीहून ते सुमारे २१० मीटर खोल असले, तरी त्याचे पाणी गोडे आहे. १९८६ साली अवर्षणाने पाणी ओसरले, तेव्हा काठच्या चिखलात एक प्राचीन नाव सापडली. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या या नावेची लांबी ८ मीटरांहून थोडी अधिक आहे आणि निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून तिची वारंवार डागडुजी केलेली दिसते. ती कोणाची होती, हे महत्त्वाचे नाही. पेत्र आणि अंद्रिया ज्या कष्टकरी कोळी समाजातून आले, त्याचे जिणे त्या जोडलाकडांवरून डोळ्यांपुढे उभे राहते.

भाकरीचे घर

तेथून दक्षिणेस उतरले की यरुशलेमच्या पलीकडे अवघ्या दहाएक किलोमीटरांवर बेथलेहेम लागते. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. सम्राट कॉन्स्टंटाईन आणि त्याची माता हेलेना यांनी चौथ्या शतकात येथे जन्ममंदिर उभारले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याच्या काळी त्याची पुनर्बांधणी झाली. तीच वास्तू आजही उपासनेत आहे. २०१२ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला.

एवढ्या थोर मंदिराचे दार मात्र जेमतेम चार फूट उंचीचे आहे. मूळच्या उंच दरवाजाचा बराचसा भाग पुढे चिरेबंदीने बुजविण्यात आला. घोड्यावर बसून कोणी आत शिरू नये हा त्यामागील हेतू, असे सांगतात. राजा असो वा रंक, वाकल्यावाचून येथे प्रवेश नाही. लोक या दाराला नम्रतेचे दार म्हणतात.

आत पायऱ्या उतरून गेले की जन्मगुहा लागते. गोठा म्हटला की आपल्यापुढे कुडाच्या भिंती उभ्या राहतात. त्या डोंगराळ मुलखात मात्र गुरे-मेंढरे गुहांतून बांधीत. गुहेच्या फरशीवर चौदा टोकांची चांदीची तारका बसविली आहे, आणि काही पावलांवर गव्हाणीची जागा दाखविली जाते. ज्याच्या गोठ्यात गव्हाण आहे अशा आपल्याकडील शेतकऱ्यास येथे परके असे काही वाटणार नाही.

परंतु याच तारकेने मोठा कलहही पाहिला आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन असे तीन पंथ या मंदिराची व्यवस्था वाटून पाहतात. १८४७ साली तारका नाहीशी झाली. तिच्यावरून पेटलेला वाद पुढे क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. आज मात्र तिन्ही पंथ आपापल्या पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर, ७ जानेवारी आणि १९ जानेवारी असा तीनदा जन्मोत्सव साजरा करतात. भांडून थकलेल्या माणसांनी शोधलेली ही तोड लहान वाटली, तरी तिचे मोल थोर आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

यरुशलेममध्ये हे मोल अधिकच उमजते. दुःखमार्गाची चौदा स्थाने आहेत. त्यांतील अखेरची पाच पवित्र कबरीच्या मंदिरात येतात. येथे सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क ठरलेले असून १८५२ च्या तुर्की फर्मानाने गोठविलेली वहिवाट आजही पाळली जाते. दर्शनी भागातील खिडकीखाली एक लाकडी शिडी शतकानुशतके तशीच आहे, कारण सर्वांच्या संमतीवाचून ती हलविता येत नाही! आणि या मंदिराची किल्ली? ती जपण्याचा मान जुदेह या मुस्लिम घराण्याकडे, तर दार उघडण्याचा मान नुसैबे या दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ख्रिस्ती जगाचे हे परमपवित्र दार रोज पहाटे मुसलमान हातांनी उघडते.

जिवंत शिळा

मराठी मनाला ही भूमी अपरिचित नाही. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांनी आपली मराठी तेथेही जपली. ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईचे कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या भूमीवर ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिले ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’. हे नाव किती सार्थ होते, याची प्रचिती पुढे जगाला आली. गाझा युद्धामुळे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बेथलेहेमने सार्वजनिक उत्सव रद्द केला. यात्रेकरू आले नाहीत; ऑलिव्हच्या लाकडातून गव्हाणी कोरणारे कारागीर रिकामे बसले. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील चौकात नाताळवृक्ष पुन्हा उजळला.

तरीही चिंता सरलेली नाही. बेथलेहेम आणि यरुशलेम यांच्यामध्ये आज उंच भिंत उभी आहे. परवान्यावाचून बेथलेहेमच्या रहिवाशाला पलीकडच्या कबरीचे दर्शनही घेता येत नाही. एके काळी या गावात बहुसंख्य असलेले ख्रिस्ती आता अल्पसंख्य झाले असून अनेक कुटुंबे परदेशी निघून गेली आहेत. चंद्रभागेच्या काठी मंदिर राहिले आणि टाळ वाजविणारे हातच राहिले नाहीत, तर त्याला आपण क्षेत्र म्हणू का? दगडी शिळांची निगा जग राखील. त्या क्षेत्रात नांदणारी माणसे ह्याच त्याच्या जिवंत शिळा होत, आणि त्यांची निगा राखणे अधिक कठीण आहे.

म्हणून यंदा गव्हाणीपुढे मेणबत्ती लावताना वाचकांनी त्या दूरच्या गावातील घरांचेही स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे. भाकरीच्या घरात चूल पेटती राहो आणि वाकून आत येणाऱ्यांसाठी ते ठेंगणे दार सदैव उघडे राहो, हीच या नाताळच्या मंगल दिनी आमची प्रार्थना!