जुन्या फौजी बंदुकांची अस्सलता व मोल : कांहीं कसोट्या

सोलापूर प्रांतांत जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहत फिरतांना कागदांच्या रुमालांबरोबर आणखी एक वस्तु वारंवार पुढें येते. ती म्हणजे माळ्यावर ठेवलेली अगर देवघराच्या भिंतीस टांगलेली ठासणीची बंदूक. खंडेनवमीस तिला गंधफूल वाहतात, आणि ‘ही आष्टीच्या लढाईंतली’ असें घरचीं वडीलधारीं माणसें सांगतात. कागद हातीं आला असतां त्याचा शक, मोर्तब, वळण व कागदाची जात पाहण्याची संवय आतां आपल्याकडे रुजली आहे. बंदुकीच्या बाबतींत मात्र सांगोवांगीवर भिस्त ठेवून आपण मोकळे होतों. बंदूकहि एक प्रकारचा लेखच आहे व तो वाचतां येतो, हें दाखवावें एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

संस्कृत पोथी तपासणारास मूळ संहिता कोणती, प्रक्षेप कोणता व शोधकाची दुरुस्ती कोणती, हें निवडून घ्यावें लागतें. शुक्रनीतींत नालिकास्त्राचें व अग्निचूर्णाचें वर्णन आहे. त्याच्या आधारें ऑपर्ट यांनीं सन १८८० मध्यें प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादन केलें. परंतु त्या ग्रंथाचें आज उपलब्ध असलेलें रूपच बरेंच अर्वाचीन असल्याचें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें, आणि तो पुरावा ढांसळला. बंदुकीसहि हाच न्याय लागू पडतो. नळी, कळ व दस्ता हे तिचे तीन मुख्य भाग. तिन्ही एकाच काळचे असतीलच असा नियम नाहीं. म्हणून प्रत्येकाचा काळ स्वतंत्रपणें ठरवावा व मग संपूर्ण वस्तूविषयीं बोलावें.

प्रथम कळ पाहावी. पेटत्या तोड्यानें बार काढणारी ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या तोंडांतील गार पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ती गारेची. आणि बत्तीच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवून तीवर घोडा पाडावयाचा ती टोपीची. हा क्रम खरा, परंतु एकीनें दुसरीस एका दिवसांत हांकलून लावलें असें मात्र झालें नाहीं. आपल्याकडे तोड्याच्या बंदुका एकोणिसाव्या शतकांतहि पुष्कळ वापरांत होत्या. तेव्हां तोड्याची कळ दिसली म्हणजे बंदूक शिवकालीन, असें अनुमान करूं नये. उलट बाजूची मर्यादा मात्र पक्की आहे. इंग्रजी फौजेंत टोपीची कळ सन १८४० च्या सुमारास आली; म्हणून मूळचीच टोपीची असलेली फौजी बंदूक सन १८१८ च्या रणांत असणें शक्य नाहीं.

मग नळी मापावी. ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या पलटणींसाठीं ठरविलेल्या नमुन्याच्या बंदुकीची नळी ३९ इंच लांब असून तिचें तोंड सुमारें पाऊण इंच रुंद असे. हाच नमुना पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाच्या फौजेनेंहि उचलला. कंपनीच्या बंदुकांवर प्रारंभीं बदामाच्या आकाराचें, आंत अक्षरें असलेलें व्यापारी चिन्ह असे. सन १८०८ पासून त्याच्या जागीं मुकुट धरलेला उभा सिंह आला. पुढें सन १८०९ मध्यें घोड्याची घडणहि बदलली. त्यापूर्वीं तो हंसाच्या मानेसारखा बांकदार व मोकळा होता. नंतर त्यास बळकटीसाठीं मधें जोड देण्यांत आला. चिन्ह सिंहाचें व घोडा हंसमानेचा, असें दिसलें तर शंका घ्यावी. परंतु कोठारांतील जुने भाग संपेपर्यंत वापरले जात, हेंहि ध्यानीं ठेवावें.

चिन्ह नाहीं म्हणून बंदूक बनावट ठरत नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेल्या द बॉयन यानें कवायती कंपूंसाठीं आग्र्यास तोफा व बंदुका घडविण्याची व्यवस्था केली होती. निजामाकडे रेमंड यानें हैदराबादेस असाच उद्योग चालविला. अशा बंदुका युरोपीय नमुन्याबरहुकूम, परंतु देशी हातांनीं घडलेल्या असत. त्यांस ‘नकली’ म्हणणें हा अन्याय आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्याच अधिक बोलक्या आहेत, कारण आपल्या कारागिरांनीं परकी विद्या कोठपर्यंत आत्मसात केली, हें त्या सांगतात.

पुढील काळांतील आटेदार बंदुकांचा प्रकार वेगळा. सन १८५३ च्या एनफील्डचें तोंड ०·५७७ इंचाचें व नळींत तीन आटे असत. सन १८५७ च्या उठावानंतर देशी शिपायांसाठीं त्याच बाह्यरूपाच्या, परंतु आटे नसलेल्या बंदुका तयार करण्यांत आल्या. म्हणून बाहेरून एनफील्ड दिसणारी बंदूक आंतून गुळगुळीत असेल, तर ती घांसून बिघडली असें लगेच समजूं नये. राज्यकर्त्यांच्या अविश्वासाची ती साक्ष असूं शकेल. सन १८६६ पासून एनफील्डांच्याच नळ्या मागच्या बाजूस कापून, तेथें बिजागरीचें झांकण बसवून काडतुसाच्या स्नायडर बनल्या, आणि सन १८७१ मध्यें मार्टिनी-हेन्री आली. या जातींच्या नकला वायव्य सरहद्दीवर विपुल झाल्या. तेथील कारागीर हातानें निष्णात, परंतु इंग्रजी अक्षरांस अपरिचित. त्यामुळें एखादें अक्षर उलटें, मुकुट बेडौल, असे दोष ठशांत राहतात. कित्येकदां साल पाहिलें तरी पुरे. व्हिक्टोरिया राणी सन १९०१ च्या जानेवारींत वारली. तिचीं आद्याक्षरें व त्याखालीं पुढचें साल असेल, तर तो ठसा स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

आतां एक अनुभव सांगतों. सीना नदीच्या कांठच्या एका गांवीं अशीच एक ‘आष्टीची’ बंदूक मला दाखविण्यांत आली. कळ टोपीची होती. ती पाहून मीं मनांत निकाल देऊन टाकला व तो बोलूनहि दाखविला. घरचे वृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, म्हणजे आमचे खापरपणजोबा खोटें बोलले काय?” त्या प्रश्नानें मी ओशाळलों व बंदूक पुन्हां उजेडांत घेतली. कळीच्या पट्टीवर बुजविलेलीं छिद्रें होतीं. जेथें पूर्वीं रंजकाची वाटी व पोलादी झडपेची कमान बसविलेली असे, नेमकीं तेथेंच. नळीच्या कडेस टोपीची बोंडी मागाहून डाग देऊन जोडलेली होती. नळी भरली ३९ इंच. पट्टीवर सिंहाची मागची बाजू तेवढी पुसट दिसली. पुढची बाजू घरांतील एका तरुणानें पॉलिशच्या कागदानें घांसून काढली होती. म्हणजे ही मूळ गारेची, कंपनीची, सन १८०८ नंतरची बंदूक असून तिला पुढें टोपीची कळ करून घेतलेली होती. माझा पहिला निकाल चुकला होता.

तथापि दुसऱ्या टोंकास जाणेंहि बरोबर नव्हे. सन १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीस बापू गोखले पडले, आणि मे महिन्यांत मन्रोनें सोलापूरचा किल्ला घेतला. त्या धामधुमींत अशी बंदूक या भागांतील घरांत येणें अशक्य नाहीं. परंतु कंपनीचीं निरुपयोगी झालेलीं हत्यारें पुढेंहि लोकांच्या हातीं येत. बंदूक ‘मी त्या वेळीं होतें’ एवढेंच म्हणूं शकते; ‘मी तेथें होतें’ हें तिला म्हणतां येत नाहीं. त्यास समकालीन कागदच पाहिजे. मीं टिपणांत लिहिलें : संभवनीय; सिद्ध नाहीं. वृद्ध गृहस्थांनीं तें दोनदां वाचून घेतलें व मान हालविली.

निघतांना एक गोष्ट कळली. कोणा व्यापाऱ्यानें, पट्टीवर ‘आष्टी १८१८’ असें कोरून घेतल्यास चौपट किंमत देऊं, असें सांगितलें होतें. तसें झालें असतें तर घराण्याची एक संभवनीय गोष्ट कायमची खोटी ठरली असती, कारण एक बनावट अक्षर उघडकीस आलें कीं उरलेल्या खऱ्या भागावरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं. मागाहून कोरलेला लेख नेहमीं लबाडीचाच असतो असें मात्र नव्हे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ सन १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. तीवर औरंगजेबाच्या विजापूर-विजयाचाहि लेख आहे. तो जय खरा व लेखहि खरा. परंतु त्यावरून तोफ औरंगजेबानें ओतविली असें कोणी म्हणेल तर तो फसेल.

यावरून मोलाचें सूत्र निघतें. चकाकी म्हणजे मोल नव्हे. सर्व भाग मूळचे असणें हें उत्तम. जुनी व प्रामाणिक दुरुस्ती असणें हें मध्यम, आणि पुष्कळदां इतिहासास तेंच अधिक उपयोगी. अलीकडे घांसून, रंगवून वा भाग जुळवून नवी केलेली ती अधम. गंज थांबविण्यापुरता तेलाचा हात पुरे. त्यापलीकडे जाणें म्हणजे ताडपत्र स्वच्छ करण्यासाठीं अक्षरें धुऊन काढणें होय.

कायद्याकडेहि दुर्लक्ष करूं नये. सन १९५९ च्या शस्त्रकायद्यानें जुनाट नमुन्याच्या वा पुरातन मोलाच्या हत्यारास जी सूट दिली आहे, ती दुरुस्तीनेंहि चालूं न शकणाऱ्या हत्यारापुरतीच आहे. केवळ जुनेपणामुळें परवान्याची गरज सरते असें नाहीं. तसेंच सन १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खासगी रीतीनें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.

वाचकांस विनंति एवढीच कीं, आपल्या गांवीं अशी बंदूक आढळल्यास प्रथम ती ठासलेली नाहीं याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी. कित्येक बंदुकांत जुना बार तसाच राहिलेला असतो. मग नळीची लांबी व तोंडाची रुंदी मापावी, ठशांचें छायाचित्र घ्यावें, आणि घरांतील वडील काय सांगतात तें त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावें. मीं पहिल्या दृष्टिक्षेपांत निकाल देण्याची जी उतावीळ केली ती इतरांनीं करूं नये, म्हणून हें टिपण. इत्यलम्.