मस्टर आणि हजेरीपट

1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं. बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून आई हातोडी चालवायची. दुपारी सुकडी मिळायची, रात्री घरी रेशनच्या मिलोची तांबडी भाकरी. आठवड्याला मुकादम मस्टर घेऊन यायचा. एकदा आई तापाने फणफणली आणि दोन दिवस कामावर गेली नाही. तिने आधी फोडून ठेवलेला ढीग मापात धरलाच नाही. ‘‘बाई हजर नव्हती,’’ एवढंच उत्तर मिळालं.

पुढे मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. पहिली आठ वर्षं रोजगार हमी योजना मी नोट्समधून शिकवली. वि. स. पागे यांची कल्पना, 1977 चा कायदा, 1979 पासून अंमल. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा दिली. देशभराचा कायदा व्हायला 2005 उजाडलं. सांगत होते ते सगळं बरोबर होतं. पण त्या खडीच्या ढिगाशेजारी मी बसलेली आहे, हे स्टाफरूममध्ये कुणाला कळू नये म्हणून जपत होते.

एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘मॅडम, कामाचं माप कोण घेतं?’’ नोट्समध्ये ते नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि आईचा तो ढीग सांगितला. तास संपल्यावर विचारणारा मुलगा थांबला. त्याचे आईवडील दर साली ऊसतोडीला जात, आणि दिवाळीनंतर धाकट्या भावंडांपाशी त्याला गावी राहावं लागे. त्या संध्याकाळी मी हजेरीपट उघडला. त्याच्या नावापुढे माझ्याच हातच्या गैरहजेरीच्या खुणा ओळीने होत्या. मुकादमाचं मस्टर डोळ्यांपुढे आलं.

प्राध्यापक कसा घडला हे सांगताना आपण नेट-सेट, पीएच.डी., शोधनिबंध मोजतो. ते हवंच. मात्र कुठल्या प्रश्नाशी थांबायचं, कुठल्या मुलाला हाक मारायची, हे माझ्यापुरतं खडीवर ठरलं होतं. ते कबूल करायला मी आठ वर्षं घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर मी स्वतःचं पगारपत्रकच फळ्यावर मांडू लागले. व्यवसाय कर, दरमहा 200 रुपये. 1975 साली हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठी बसवला गेला, म्हणजे पगारदाराच्या पैशातून मजुराची मजुरी. ‘‘मॅडम, मग माझ्या आजीची मजुरी यातूनच निघायची का?’’ एका मुलीने विचारलं. होय, असंच मी तिला सांगितलं.

यंदा पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना एक विनंती आहे. पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना नावापाठोपाठ गाव विचारा, आणि हंगामात घरचं कोण कामाला बाहेर जातं तेही. गैरहजेरी मांडायची ती त्यानंतर.